साडेअकरा किलोची कणगी

“ओ भाऊ! हातोडा खाली ठेवा... आधी खाली!”

भर दुपारी इतवारीच्या बाजारात स्कूटी आडवी लावून एक पोरगी मारोतरावांच्या भांड्यांच्या दुकानात घुसली. नागसेनचा हात वरच राहिला. त्याचं रोजचं काम मशीननं भांड्यांवर नावं टाकायचं. मोडीत आलेली भांडी चेपायला तो आज पहिल्यांदाच उठला — अन् पहिल्याच ठोक्याआधी हे डोळे! काळे, रागीट... भुवईवर पितळेचा कीस चमकून राहिलेला.

“भाऊ काहून म्हणता? ओळख तर होऊ द्या.”

“ती कणगी माझी आहे!”

तराजूवर गुडघ्याएवढी पितळी कणगी होती. पाण्याचे जुने गुंड, पराती, डबे कापून, ठोकून, जोडून केलेली. प्रत्येक तुकड्यावर कोण्या बाईचं नाव. उद्या धरमपेठेतल्या प्रदर्शनात ती मधोमध राहणार होती. पण ती घडवणारी ही पोरगी, चारुशीला, दोन दिवस खाप्याला गावी काय गेली, तिच्या आईनं, जिजाबाईनं, भंगार समजून ती इथं मोडीत दिली अन् बदल्यात स्टीलचं पिंप नेलं.

“पिंप वापस आणते मी.”

“त्याच्यावर नाव टाकलं ना,” मारोतराव गादीवरून बोलले. “नाव टाकलेलं भांडं आपण वापस घेत नाही, पोरी.”

“टाकलं कोणी?”

नागसेननं हळूच बोट वर केलं.

“वा! मोठं पुण्य केलं!”

“अक्षर तरी पाहा एकदा... आई खूश होत्या तुमच्या.”

मारोतराव हसले. “अवं, साडेअकरा किलो पितळ. दुसरी काय किंमत याची?”

“तेच तर विचारून राहिली ही कणगी, काका. कणगी दाण्यानं भरली की घर श्रीमंत म्हणतात. हिच्यात नावं भरली मी. सांगा, काय भाव?” अन् चारुशीला कणगीशेजारी तराजूवरच बसली. “आता करा वजन!”

तासभर बसली. गिऱ्हाइकं हसली, चहा आला, थंड झाला... बाई हलली नाही.

नागसेन मात्र गायब. आला तो बाइकवर घंगाळ बांधून.

“पितळेच्या बदल्यात पितळ. तोला, काका.”

बारा किलो भरलं. मारोतरावांनी कणगी तिच्यापुढं सरकवली.

चारुशीलानं घंगाळ फिरवून पाहिलं. “हे...?”

“माझ्या पहिल्या कमाईचं.”

“याच्यावर नाव नाही.”

“दिवसभर लोकायची नावं टाकतो. घरी जाऊन स्वतःचं कोण टाकते?”

तिचा राग कुठं गेला, तिलेही समजलं नाही. “उद्या या... धरमपेठेले.”

“भाऊ म्हणून?”

“नुसतं या.”

गेला. दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्याही. प्रत्येक वेळी कणगीकडे कमी अन् तिच्याकडे जास्त पाहिलं.

आठव्या दिवशी ती दुकानात हजर. हातात स्वतः ठोकलेला, पाणी प्यायचा पितळी गडवा.

“नाव टाकायचं आहे. चारुशीला.”

मशीन घरघरली. “झालं.”

“कुठं झालं? बाजूले अजून एक.”

“कोणाचं?”

“ज्याच्या घरच्या भांड्यावर नावच नाही... त्याचं.”

हजारो नावं टाकलेल्या नागसेननं मशीनवरचा हात काढला. “विचार करा... नाव टाकलेलं भांडं वापस घेत नाहीत इथं.”

“म्हणूनच इथं आणलं,” ती म्हणाली, अन् मशीनचं बटण तिनंच दाबलं.