मेघाश्रीच्या फ्रॉकची दुमड

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत आमचं शिलाईचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. लहान मुलींच्या फ्रॉकला घेराशी रुंद दुमड ठेवायची, ही आमच्या घराची जुनी रीत. पोर वाढली की दुमड उसवून खाली घ्यायची, म्हणजे फ्रॉक आणखी वर्षभर चालतो. मेघाश्रीला दत्तक घेतलं तेव्हापासून तिचेही फ्रॉक मी तसेच शिवत आले.

पण तिची दुमड मी कधी उसवलीच नाही. सकाळी बघावं तर ती उसवून, बोटभर खाली घेऊन, हातानं पुन्हा घातलेली असायची. गंमत म्हणजे फ्रॉक आधी खाली यायचा आणि पोर मागाहून तेवढी वाढायची.

भुताखेतांना भीक घालणारी मी नव्हे. मी टाका पाहिला. आमचे टाके उजवीकडे झुकतात, हे डावीकडे. संस्थेतून मेघाश्री आली ती हातानं शिवलेलं एक झबलं घालून. तिला जन्म देणाऱ्या आईनं ते शिवलंय, एवढंच तिथल्या बाईंना ठाऊक होतं. ते ट्रंकेतून काढून फ्रॉकशेजारी धरलं. तोच टाका.

"निजेत तूच करत असशील," माझे यजमान रघुनंदन मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"मी डावखुरी कधीपासून झाले?"

"सरी, बरं, मग स्वल्प गप्प बस. पोर ऐकते."

पोर ऐकतच होती. "अम्मा, मी झोपले की तू मला वितीनं का मोजतेस?"

मी जन्मात टेपशिवाय कुणाचं माप घेतलेलं नाही.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून जास्त कुतूहल. कापडच नसलं तर ही बाई काय करील? उगादीला, म्हणजे पाडव्याला, मी मेघाश्रीचे सगळे फ्रॉक नवे शिवले, एकालाही दुमड ठेवली नाही. जुने वाटून टाकले.

फ्रॉक जसेच्या तसे राहिले. पोरही.

गणपती झाले, दसरा आला. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची खूण अजून तिच्या डोक्याशीच होती. वर्गातल्या मुली तिच्या पुढे गेल्या. डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, वाट बघा. मला अन्न गोड लागेना.

शेवटी एक पिवळा फ्रॉक शिवला, चांगली रुंद दुमड ठेवून. रात्री तो तिच्या उशाशी ठेवला. जवळ सुई आणि रीळ.

"अक्का," मी रिकाम्या खोलीला म्हटलं, "मी हरले. पोर वाढू दे."

सकाळी दुमड सगळी उसवलेली होती, पण घातलेली अर्धीच. डावीकडे झुकणारे टाके मध्यावर येऊन थांबले होते. उरलेल्या अर्ध्यात सुई टोचून ठेवली होती, नवा दोरा ओवून.

मी खिडकीशी बसले आणि उरलेली घातली.

माझे टाके तिच्या टाक्यांना जाऊन भेटले. गाठ मारून कात्रीनं दोरा कापला. आमच्या घरात दोरा दातानं कुणी तोडत नाही, यजमानांना ते खपत नाही.

तिच्या दोऱ्याचं टोक दातानं तोडलेलं होतं.

बोट लावून पाहिलं. अजून ओलं होतं.