शेपटाची घंटा

खोटं वाटलं तर वाटू दे. मी इथे कोणाची करमणूक करायला आलेलो नाही.

हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत झालंय. मी स्वतः तिथे होतो आणि चूक माझी होती. पण ते जे कोण होतं ना, त्याच्यावरचा माझा राग अजून तसूभर कमी झालेला नाही.

रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते.

आम्ही चौघं सायकलींवर निघालो होतो. सहा दिवसांचा दौरा, एक घाट चढायचा, पलीकडच्या नदीकाठी उतरायचं, परत पुढचा घाट. सगळ्यात पुढे मास्तर. ते शाळेत खेळ शिकवतात, रस्ता त्यांना पाठ. त्यांच्या मागे नर्सताई. मग मी. आणि सगळ्यात शेवटी माझा भाऊ, रेडिओ.

हे नाव मीच ठेवलेलं. कारण बंदच व्हायचा नाही कधी.

शेवटच्या माणसाला आम्ही शेपूट म्हणायचो. उताराला एकमेकांत अंतर पडतं, मागचा दिसत नाही. म्हणून मास्तरांचा नियम होता. प्रत्येक वळणावर ते थांबून एकदा घंटा वाजवणार. मग नर्सताई एकदा, मी एकदा. शेपटाने दोनदा. ट्रिंग-ट्रिंग. दोन ऐकू आल्या की सगळे आहेत, चला पुढे.

पाचव्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलेलं होतं. सकाळपासून तीनदा चेन उतरली होती. गुडघा ठणकत होता. आणि हा मागून शेळी दिसली की ट्रिंग-ट्रिंग, झाड दिसलं की ट्रिंग-ट्रिंग.

"दादा, एकदा हस, मग थांबवतो."

घाटाच्या माथ्यावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा मी पाना काढला आणि त्याच्या हँडलवरची घंटा खोलून माझ्या बॅगेत टाकली.

"आता वाजव!"

"अरे दादा, उतारावर लागेल ना ती."

"तोंड आहे ना? एरवी तर बंद होत नाही. ओरड तेव्हा!"

त्याने हँडलवरच्या रिकाम्या जागेवर अंगठा फिरवला. मास्तर आणि नर्सताई पलीकडे बाटल्या भरत होते. त्यांना मी सांगितलं नाही.

उताराला लागलो आणि नदीवरून धुकं वर आलं. पाच मिनिटांत पुढचं चाक दिसेना.

पहिलं वळण. मास्तरांची घंटा. नर्सताईंची. माझी.

मग जरा वेळ काहीच नाही...

ट्रिंग-ट्रिंग.

"चला!" मास्तर ओरडले. आणि आम्ही निघालो.

तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला नाही कळलं. खाली कमेंटमध्ये अक्कल पाजळू नका, मी ती स्वतःपुढे रोज पाजळतो. पाच दिवस कानाला सवय झाली होती. दोन वाजल्या की पाय आपोआप पेडल मारायचे. डोक्याला कोणी विचारतच नव्हतं.

दुसरं वळण. ट्रिंग-ट्रिंग.

तिसरं वळण. ट्रिंग-ट्रिंग.

तिथे नर्सताई म्हणाल्या, "आज रेडिओ गप्प कसा रे?"

"रुसलाय. रुसू दे."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

चौथ्या वळणाच्या पुढे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. रेडिओच्या मागच्या ब्रेकचा आवाज यायचा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पाच दिवस त्या आवाजाने कान किटले होते. आणि आता एवढा उतार...

ब्रेकचा आवाजच नव्हता.

पाचव्या वळणावर घंटा वाजली ती अगदी माझ्या मागच्या चाकाशी. हात लांब केला असता तर लागला असता कोणालातरी. मी मान वळवली...

नुसतं धुकं.

"मस्करी पुरे," मी म्हणालो. वाट न बघता पुढे निघालो. मला वाटलं, अजून फुगलाय.

नऊ वळणं. नऊ वेळा ट्रिंग-ट्रिंग.

खाली लॉजवर पोचलो. सायकली शेडमध्ये लावल्या. मास्तरांनी सवयीने शेवटची घंटा वाजवली. फाटकातून दोन आल्या. नर्सताई कोरडा टॉवेल घेऊन फाटकापर्यंत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या,

"इथे कोणी नाहीये."

मी टॉर्च काढायला बॅगेत हात घातला.

हाताला घंटा लागली.

मी घंटा वर धरली. मास्तर म्हणाले, "ही कोणाची?" "रेडिओची. माथ्यावर मीच काढली."

लॉजवाल्याने जीप काढली. अंधार पडता पडता तो सापडला. पहिल्या वळणाच्याही अलीकडे कठडा तुटला होता. तिथून वीस फूट खाली, दगडात. सायकल त्याच्या अंगावर. तो शुद्धीवर होता. नर्सताईंनी फळीला बांधून त्याला वर घेतलं. जीपमध्ये त्याने माझा शर्ट धरला.

"दादा, मला तुमच्या तिन्ही घंटा ऐकू आल्या. मी ओरडलो. खूप ओरडलो रे."

"ऐकू नाही आलं मला."

"माझ्या डोक्यावर, रस्त्यावर कोणीतरी होतं. तुम्ही वाजवलीत की ते दोनदा वाजवायचं. मी ओरडलो की हसायचं. मग तुमच्या मागे गेलं."

त्यानंतर तो बोललाच नाही. डॉक्टर म्हणाले, गळ्याला काही झालेलं नाही. पाठीच्या कण्याला मात्र झालंय. दोन-अडीच तास तसाच पडून होता, तासभर आधी आणला असता तर... आणि ते फाइलमध्ये बघत बसले.

आता सांगा, मला भीती वाटायला हवी की राग यायला हवा? भुताने माणसाला घाबरवावं ना! घाबरलो असतो तर मागे वळलो असतो. हे हरामखोर आम्हाला "सगळं ठीक आहे" सांगत राहिलं.

तीन महिन्यांनी मी बसच्या टपावर सायकल टाकली आणि एकटा तिथे गेलो. भर दुपारी, लख्ख उन्हात. तुटक्या कठड्यापाशी उभा राहून घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. "हिंमत असेल तर समोर ये!" माझी घंटा वाजवून बघितली. एकदा. दहादा.

काही नाही. पक्षीसुद्धा ओरडला नाही.

खालच्या पुलावर आलो आणि रेडिओची घंटा नदीत भिरकावली. बुडताना बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवरून सायकलने घरी आलो. फाटकाशी एकदा घंटा वाजवायची, ही माझी शाळेपासूनची सवय. आई त्यावर कडी काढते. मी वाजवली.

आणि माझ्या मागे...

ट्रिंग-ट्रिंग.

मी वळलो नाही. वळवेना. समोर खिडकीशी रेडिओची कॉट आहे, आई त्याला भरवत होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला.

"दादा, मी तर इथे आहे."

आईच्या हातातला चमचा पडला. ती रडायलाच लागली. बोलला ग बाई, माझं पोरगं बोललं, म्हणत शेजारीपाजारी सांगत सुटली. मागची ट्रिंग-ट्रिंग तिला ऐकूच आली नव्हती.

त्यानंतर तो पुन्हा गप्प आहे.

सायकल मी विकलेली नाही. ज्याला देईन त्याच्या मागे ते लागेल. घंटा काढून ठेवलीय आणि आता सगळीकडे चालत जातो. तरी कधीकधी फाटकातून आत पाय टाकला की मागे दोनदा वाजते. सगळे आले, असं सांगायला.

मी विश्वास ठेवत नाही. आधी खिडकीशी जातो, त्याचा हात हातात घेऊन बघतो आणि मगच चपला काढतो.