शंभरचा प्लॅन पुरे!

"तुमच्याकडचा सगळ्यात फास्ट प्लॅन द्या," काउंटरवर हेल्मेट ठेवत तो म्हणाला.

फुलचूरच्या आमच्या इंटरनेटच्या ऑफिसात असं गिऱ्हाईक आलं की मालक लगेच चहा मागवतात. मी मात्र विचारलं, "घरी किती जण?"

"मी आणि आई. तिरोड्याजवळ गाव आहे."

"आई मोबाइलवर पिक्चर पाहतात?"

"आई मोबाइलला हातही लावत नाही."

"मंग पाचशे एमबीपीएसचा स्पीड कायले पायजे? शंभरचा घ्या. दोघांले लय झाला."

तो हसला. असा हसला, की... जाऊ द्या! नाव हेमेंद्र. हैदराबादच्या कंपनीत नोकरी. वडील गेल्यावर आईला एकटं सोडवेना, म्हणून गावी आलेला. कंपनीनं महिनाभर पाहू म्हटलं होतं. घरून काम जमलं तर ठीक, नाही तर परत हैदराबाद.

आठवड्यातच तो पुन्हा हजर. "दामिनी मॅडम, मीटिंगमध्ये आवाज तुटतो."

"फोन करायचा ना!"

"फोनवर नीट सांगता येत नाही..."

लाइन तपासली, ठीक होती. तरी तो आला, पुन्हा आला. शंभरचा प्लॅन मीच गळ्यात मारलेला, आणि त्यापायी हा निघून गेला तर? माझं चित्त थाऱ्यावर राहीना. शेवटी विचारलं, "राउटर कुठं ठेवला?"

"आईनं उचलून धानाच्या खोलीत ठेवला. कोठीमागं."

मी स्कूटीची चावी उचलली. मग म्हटलं, "घरी येऊन पाहावं लागेल."

गावात धानाची कापणी चालू होती, वाऱ्याला ओल्या तणसाचा वास. हेमेंद्रच्या आईनं, सुमित्राबाईंनी, धानाच्या खोलीचं कुलूप उघडलं. "एवढी महागाची वस्तू, बाई! समोर ठेवली तं कोनी नेईन न."

पत्र्याच्या उंच कोठीमागून राउटर काढला, समोरच्या खोलीत लावला. लॅपटॉप भरभर चालू लागला. सुमित्राबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"कॉम्प्युटरवाले ना तुम्ही?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "पत्र्यामागं वायफाय अडते, माहीत नाही?"

"माहीत होतं."

"मंग?"

"नेट चाललं असतं... तर फुलचूरला काय सांगून आलो असतो?"

मला रागच आला. "अन् महिना संपला असता तं? नोकरीसाठी गेलेच असते ना हैदराबादले!"

"गेलो असतो," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला काय फरक पडला असता?"

माझे कान तापले. ओढणीचं टोक उगाच बोटाला गुंडाळत राहिले.

"राउटर बाहेर काढा, एवढं तं मी ऑफिसातच सांगू शकत होती," मी म्हटलं. "मंग एवढ्या दूर स्कूटी घेऊन मी काऊन आली, सांगा?"

तो बघतच राहिला. "म्हणजे...?"

"म्हणजे जाऊ नका," मी म्हटलं.