पाखरांचा वाटा

शरच्चंद्र पाटलाने सकाळी ताडीचा पेला रिकामा केला आणि तिथल्या तिथे आडवा झाला, तो कायमचाच. त्र्याऐंशी सालची गोष्ट. सब-इन्स्पेक्टर नंदकिशोर राणे बोरिवलीच्या डोंगरपायथ्याला त्याच्या बंगल्यावर पोचला, तोवर हवालदाराने ताडी उतरवणाऱ्या धाकूला बेड्या ठोकल्याही होत्या.

मडक्याच्या तळाशी विषाची भुकटी सापडली होती. शरच्चंद्र ताड तोडायला निघाला, तेव्हा "याला जित्ता सोडणार नाय" असं धाकू चारचौघांत ओरडला होता. फासावर चढवायला एवढं पुरे होतं. पण आयता गुन्हेगार मिळाला की राणेचं डोकं फिरायचं.

तो धाकूला घेऊन ताडांखाली गेला. वर चिमणीएवढे हिरवे पोपट मडक्यांना उलटे लटकून ताडी पीत होते. चोची शेंदरी, पाठीमागे लालभडक पिसं.

"मडकी झाकत नाहीस?"

"नाय साहेब. आधी पाखरांचा वाटा, मग आपला. बापजाद्यांची रीत हाय. आजपण ती प्यायली, मगच मी मडकं उतरवलं."

झाडाखाली एकही पोपट मेलेला नव्हता. बंगल्याच्या व्हरांड्यात मात्र कठड्याखाली तीन मरून पडले होते.

"मडकं कुणी घेतलं?" राणेने शरच्चंद्राच्या बायकोला, विमलाला विचारलं.

"धाकूने झाडावरून उतरवून थेट कठड्यावर ठेवलं, मी अंगणातून बघत होते. देवपूजा आटोपेपर्यंत मी ताडीला शिवत नाही. नंतर आत नेलं."

"तोवर इथे कोण होतं?"

"भाऊजी."

शरच्चंद्राचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश खुर्चीतून उठला नाही. "मी इथेच बसलो होतो. दुसरं कुणी आलं नाही. धाकूने झाडावरच विष कालवलं असणार."

"मग पोपट झाडाखाली मेले असते," राणे म्हणाला. "वहिनींनी आत कालवलं असतं, तर एकही मेला नसता. मडकं या कठड्यावर असतानाच त्यात विष पडलं. पोपट सवयीने इथेही प्यायला आले. आणि इथे तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे तूच सांगतोस."

चंद्रप्रकाश खुर्चीतून उठला.

"माझ्या बायकोला, अनुपमाला त्याने भरल्या दिवसांत घराबाहेर काढलं. बाळंतपणात ती गेली, पोरही गेलं. मी त्याला पुन्हा मारीन."

हवालदाराने धाकूच्या बेड्या काढल्या. मनगटं चोळत तो चंद्रप्रकाशसमोर जाऊन उभा राहिला.

"मारलास ते बरं केलंस रे. पण कोयता घ्यायचा होतास. माझ्या मडक्यात, पाखरांच्या वाट्यात विष कालवलंस?"

आणि त्याने चंद्रप्रकाशच्या कानाखाली जाळ काढला. राणेने त्याला अडवलं नाही.