बरुआ तालावरचं घुंगरू

सरोजिनीच्या लग्नाला दरबारातून घोडा आला नाही, त्या वर्षीची ही हकीकत. पदरचं यात काही घातलेलं नाही. सांगणारी खुद्द सरोजिनी, आणि तिने जे पाहिलं नाही ते तिच्या पद्माकाकूने पाहिलेलं.

साल १९४८. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं होतं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठ्यांच्या घरी लग्न निघालं की दरबारातून सजवलेला घोडा यायचा. त्या वर्षी नवरदेव फूलबागेपासून टांग्यात बसून आला. बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत.

सरोजिनीचे काका जगदेवराव शिकारखान्यात होते. शिकारीचे ससाणे सांभाळणं, हे त्यांचं काम. आणि थंडीत बरुआ तालावर जाऊन कोणती पाखरं उतरली ते बघून यायचं. लश्करपासून टांग्याने तासाभरावर हा ताल. चकवे, बदकं, सारस, सगळं तिथे उतरायचं.

त्यांची बायको पद्मा जैतापूरच्या खाडीवरची. तिचं अर्धं लहानपण ओहोटीच्या चिखलात पाखरं बघण्यात गेलेलं. ती नवऱ्याला चिडवायची.

"तुमच्याकडे डबक्याला ताल म्हणतात. खाडी बघाल तर टोपी पडेल."

"तुझ्या खाडीत मासे खाणाऱ्या घारी. आमच्याकडे बहिरी आहे," जगदेवराव म्हणायचे.

बहिरी म्हणजे ससाण्याची मोठी मादी. तिचं नाव केशर. जगदेवरावांनी तिला हातावर वाढवली होती. पायाला चामड्याची वादी, वादीला घुंगरू. पाखरू कुठे बसलंय ते त्या घुंगराने कळतं.

विलीनीकरणानंतर हुकूम आला. ससाणे सोडून द्या.

कायमचं सोडताना पायातली वादी कापायची, हा रिवाज. नाहीतर ती फांदीत अडकते. जगदेवरावांनी सगळ्यांच्या वाद्या कापल्या. केशरची नाही कापली.

"अहो, हिची राहिली," पद्मा म्हणाली.

"राहू दे. आवाज तरी येत राहील."

थोड्याच दिवसांनी केशर सापडली. तालाच्या मध्यावर उंचवट्यावर एक बाभूळ होती. तिच्या फांदीला वादी अडकून... उलटी लटकलेली, चिंब भिजलेली.

जगदेवरावांनी तिला घरी आणलं. वादी कापली, घुंगरू काढलं. वादीसकट तिला परसात पुरलं. घुंगरू पद्माने मागून घेतलं, आत कापूस कोंबला आणि मोहरीच्या डब्यात खाली ठेवलं.

त्याच सुमारास नव्या सरकारकडून कागद आला. शिवपुरीच्या जंगलखात्यात नोकरी. संक्रांत झाली की हजर व्हायचं. पद्माने सुटकेचा निःश्वास टाकला. एकदा हा माणूस तालापासून दूर गेला म्हणजे सावरेल, असं तिला वाटलं.

पण जगदेवराव रोज सकाळी तालावर जायचे. चामडी हातमोजा घेऊन.

थोरले भाऊ रघुनाथराव, म्हणजे सरोजिनीचे वडील, एकदा जेवताना म्हणाले, "जगदेव, मोजा कशाला नेतोस? हातावर काय बगळा बसवणार?"

"दादा, ती येते."

वाढणाऱ्या पद्माचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर गेली.

कोवळं ऊन होतं. धुकं उठलं होतं. तालावर चकव्यांची बडबड चालू होती. बदकं उलटी होऊन चरत होती. पद्माला बरं वाटलं. इथे भिण्यासारखं काय आहे?

आणि मग...

चकवे गप्प झाले.

एकेक करून नाही. सगळे एकदम.

बदकांनी माना आखडल्या. पाण्याला चिकटली. एकही उडेना.

पद्माला हे माहीत होतं. खाडीवर तिने शंभरदा पाहिलं होतं. वर शिकारी पाखरू आलं की असंच होतं. तिने वर पाहिलं.

आभाळ रिकामं होतं.

घारसुद्धा नव्हती.

आणि त्या रिकाम्या आभाळातून... घुंगरू वाजलं.

जगदेवरावांनी मोजा चढवला. मूठ पुढे धरली. हलकी शीळ घातली.

घुंगरू जवळ आलं. अगदी जवळ.

मग त्यांची मूठ खाली दबली.

वजन आल्यासारखी. पद्माने डोळ्यांनी पाहिलं, मोज्याच्या चामड्यावर चार ठिकाणी खळगे पडले.

"भिजलीय," जगदेवराव हळूच म्हणाले. "रोज भिजलेली असते."

"अहो, घरी चला."

"वादी बोचते तिला, पद्मा. माझ्यामुळे."

घरी येताच पद्माने मोहरीचा डबा उपडा केला. घुंगरू तिथेच होतं. कापूसही आतच.

पण कापूस... ओला होता.

तिने ते घुंगरू किल्ला गेटाजवळच्या विहिरीत टाकलं. नवऱ्याला सांगितलं नाही. मनाशी म्हणाली, संक्रांतीपर्यंतचे दिवस काढायचे आहेत. मग हा ताल दिसायचासुद्धा नाही.

संक्रांत झाली. निघायचा दिवस उजाडला. ट्रंका दारात आल्या. टांगा उभा राहिला.

जगदेवराव कुठे दिसेनात.

पद्माने खुंटीकडे पाहिलं. मोजा नव्हता. चामडं कापायची सुरीही नव्हती.

"भाऊजी, तालावर गेले ते," ती रघुनाथरावांना म्हणाली. चप्पल न घालताच ती टांग्यात चढली. रघुनाथराव मागोमाग चढले.

"बाई, सामान?" टांगेवाल्याने विचारलं.

"सामान रहने दो. घोडा भगाओ."

ताल दिसला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सगळी पाखरं पाण्याला चिकटलेली. कुठेही आवाज नाही. हजारो पाखरं, आणि एकही आवाज नाही.

जगदेवराव बाभळीपाशी उभे होते. कमरेइतक्या पाण्यात. डावी मूठ वर, उजव्या हातात सुरी.

"अहो, बाहेर या," पद्मा ओरडली.

"हलू नकोस. बिचकेल ती." त्यांचा आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता. "वादी सापडली मला. आता सोडतो. मग निघू आपण शिवपुरीला."

"जगदेव, तिथे काही नाही रे," रघुनाथराव म्हणाले.

जगदेवरावांनी मुठीखाली, हवेत, सुरी फिरवली.

घुंगरू एकदा वाजलं...

आणि थांबलं.

तालावरची सगळी पाखरं एकदम उठली. पंखांचा असा आवाज, की टांग्याचा घोडा उधळला. पद्माने क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा बाभळीपाशी कोणी नव्हतं.

रघुनाथराव आणि टांगेवाला पाण्यात उतरले. पाणी कमरेवर कुठेच नव्हतं. जगदेवराव तिथेच सापडले. डोकं खाली, पाय वर. घोटा बाभळीच्या पाण्याबाहेर आलेल्या मुळात अडकला होता.

रघुनाथरावांनी तो सोडवला. घोट्याला चामड्याची वादी गुंडाळलेली होती. बारीक, पाखराच्या पायाला बांधतात तेवढी. घुंगरू ओवायची चीरही होती तिला. वादीची गाठ मात्र कुणाला सापडली नाही.

संध्याकाळी रघुनाथरावांनी परसातली जागा उकरून पाहिली.

काय दिसलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त माती परत लोटली आणि हात पुष्कळ वेळ धुतले.

पद्माकाकू माहेरी गेली, जैतापूरला.

पुढे १९५६ साली मध्य भारतही गेलं, मध्य प्रदेश झाला. सरोजिनीच्या नवऱ्याची बदली भोपाळला झाली. तिकडे बिऱ्हाड हलवण्याआधी ती काकूला भेटायला कोकणात आली.

दुपारी दोघी खाडीकाठी बसल्या होत्या. ओहोटी होती. चिखलावर बारीक पाखरं धावत होती. काकू त्यांची नावं सांगत होती, आनंदात होती. म्हणाली, "बघ, याला म्हणतात पाणी. नाहीतर तुमचं डबकं."

सरोजिनी हसली.

आणि समोरची सगळी पाखरं एकदम उठली...

सरोजिनीने वर पाहिलं. काही नव्हतं.

बाजूला काकूचा हात गुडघ्यावर होता. तो हळूच उचलला गेला. मूठ वळली. आणि मूठ... किंचित खाली दबली.

काकूने मुठीकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सरू, घरातून कातर आण जरा."

सरोजिनी जागची उठली नाही.

"काकू, घरी चला."

"बरं," काकू म्हणाली. दोघी घरी आल्या. रात्री काकू नीट जेवली. दुसऱ्या दिवशी सरोजिनी निघाली तेव्हा तिच्या केसात काकूने अबोलीचा गजरा माळला.

सरोजिनी आता खूप म्हातारी आहे. कुठल्याही पाण्यावर पाखरं एकदम गप्प झाली की ती दोन्ही हात पदरात घेते.

जगदेवराव १९४९ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, बरुआ तालात गेले. पद्माकाकू १९५६ च्या मार्गशीर्षात जैतापूरच्या खाडीत गेली, भर दुपारी, ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात. हातात कातर होती. पायाला काही गुंडाळलेलं होतं का, ते सरोजिनीने विचारलं नाही, आणि माहेरच्यांनी सांगितलं नाही.