एका कोऱ्या पानापायी

“मुद्दाम केलंस तू हे, ताई! मुद्दाम!”

छापखान्यातून आलेली पहिली प्रत धाकट्याने टेबलावर आपटली, तेव्हा ताईने दचकून वर पाहिले... ते त्याचे पहिले पुस्तक होते, चिमुकल्यांसाठी लिहिलेले. प्रत्येक उजव्या पानावर एक प्रश्न, ‘झुडपामागे कोण?’, ‘पेटीत काय?’, आणि पान उलटावे तेव्हाच उत्तर! पण या प्रतीत प्रश्न डावीकडे गेला होता आणि उत्तर, सारे गुपित चव्हाट्यावर मांडून, त्याच्या शेजारीच बसले होते. झुडूप आणि वाघ समोरासमोर! आता कोणते पोर कशासाठी पान उलटणार होते?

“माझी निम्मी वाक्यं छाटलीस, तेव्हापासून बोललो नाही तुझ्याशी, पण ऐकलं तुझंच. आता पुस्तकाचाच गळा घोटलास? स्वतःचं पुस्तक निघतंय ना... मग भावाचं कशाला चांगलं दिसायला हवं!”

ताईने पुस्तक उघडले, आणि क्षणार्धात तिला सारे उमगले. नावाच्या पानानंतर तिने ठेवलेले कोरे पान नाहीसे झाले होते. त्यापायी पुढचे प्रत्येक पान एकेक घर अलीकडे सरकले होते, आणि अखेरीस उगवली होती प्रकाशनाची जाहिरात. कोरे पान म्हणजे वाया गेलेला कागद, असे मानणारा या घरात एकच माणूस होता! तिने बाबांकडे पाहिले. हे प्रकाशन ज्यांनी उभे केले, ते बाबा खिडकीबाहेर टक लावून बसले होते; कोणापुढेही न लवलेली त्यांची मान आज मुलांकडे वळायला तयार नव्हती... एक शब्द उच्चारताच ताई निर्दोष ठरली असती. परंतु लेकाच्या पहिल्याच पुस्तकाचा घात बापाच्या हातून झाला, हे त्या लेकाला सांगून तिला निर्दोष व्हायचे नव्हते.

तिचे मौन म्हणजेच कबुली, असे समजून धाकटा दार आपटून निघून गेला.

“पुन्हा छापू,” ताई शांतपणे म्हणाली.

“कागद कुठाय?” बाबा न वळताच पुटपुटले. “बाजारात टंचाई. वर्षभर मिळायचा नाही. गोदामात आहे तो तुझ्या...”

“माझ्या पुस्तकाचा. तोच वापरायचा.”

अर्धे आयुष्य इतरांच्या गोष्टी नेटक्या करण्यात घालवलेल्या ताईचे, स्वतःच्या नावाने निघणारे ते पहिले पुस्तक होते!

छापखान्यात कागद कापणाऱ्या कारागिराने हात थांबवला. “ताई, हा मोठ्या आकाराचा कागद. एकदा पातं पडलं की तुमच्या पुस्तकाच्या कामाचा नाही राहणार. विचार करा.”

“विचार झालाय. चालू करा.”

“थांबा!” धाकटा धापा टाकत आत शिरला. “ताई, बाबांनी सांगितलं मला... सगळं! रडले गं ते. आणि मी काय काय बोललो तुला! तोंड उघडून सांगायचं नाहीस?”

“सांगून पुस्तक सुधारलं असतं का?”

“पण तुझं पुस्तक! ते होऊ दे आधी, मी थांबतो वर्षभर.”

“तू थांबशील रे. तुझे वाचक तीन वर्षांचे आहेत, ते थांबत नाहीत. वर्षभरात शहाणे होतील आणि झुडपामागच्या वाघाला हसतील.”

“नवी पोरं येतील की!”

“येतील. पण आत्ताच्यांना काय सांगायचं, चुकीच्या वर्षी जन्मलात म्हणून?”

तिने कारागिराकडे पाहून मान हलवली... पाते खाली आले. तिच्या पुस्तकाचा कागद दुभंगला. तिने डोळे मिटले नाहीत!

“बाबा कुठायत?”

“बाहेर उभे आहेत. आत यायचा धीर होत नाही म्हणतात.”

“आत आण त्यांना. छापून निघालेला ताव पहिल्यांदा त्यांनीच बघायचा. त्यांच्याइतकी बारीक नजर आपल्या दोघांनाही नाही.”

धाकटा चार पावले गेला आणि परत वळला. डोळे पुसत, भीत भीत म्हणाला, “तुझं हस्तलिखित मला देशील? वर्ष आहे हातात... मी तपासतो.”

“दे म्हणतोस तर देते. पण गय करायची नाही.”

“तू केली होतीस?”

“मुळीच नाही!” ताई म्हणाली, आणि सकाळपासून अडवून धरलेले अश्रू हसता हसता तिच्या गालांवर ओघळले.