स्टुलांवरचं दार

रंगाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर सकाळी आठला जुने रंगारी कामाची वाट बघत बसतात. मी आणि नवरा गल्लीत नवीन. खालच्या खोलीचं दार आम्हाला स्वतःच रंगवायचं होतं. रविवारी माझी आई येणार होती. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, जिना चढणं बंद, म्हणून तीच खोली.

"कुठलं घर?" त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्करानं, सगळे ज्यांना मास्तर म्हणत त्यांनी, विचारलं. चाळीस वर्षं दारं रंगवून त्यांच्या नखांत रंग कायमचा राहायला आला होता.

मी घर सांगितलं. त्यांच्या जोडीला घासकाम करणाऱ्या मावशींनी चहाचा कप खाली ठेवला.

"उभ्यानंच घासा, उभ्यानंच रंगवा," मास्तर म्हणाले. "दार चौकटीतून काढू नका."

"उभ्या दारावर रंग ओघळतो. एवढं मलाही कळतं."

"ओघळू दे की, ताई. ओघळ मोजायला कोण येतंय!"

"आणि ओलं असतानाच लावून घ्या," मावशी म्हणाल्या.

नवरा हसला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. ओलं दार लावलं की चौकटीला चिकटतं, हे शेंबडं पोरही सांगेल. नवखे दिसले की काहीही पढवायचं!

घरी येऊन पत्र्याची पट्टी घेतली आणि खरवडायला बसले. तपकिरी निघाला, खाली हिरवा, त्याखाली पांढरा, मग पुन्हा हिरवा. रंगांची सालं मांडीवर पडत होती, वाळल्या पाकळ्यांसारखी हलकी. दाराच्या कडेशी आले आणि हात थांबला.

प्रत्येक थर कडेला फाटला होता. दर वेळी दार ओलं लावलेलं, चिकटलेलं आणि मग ओढून उघडलेलं. फाटक्या सालांची टोकं सगळी खोलीकडे वळलेली.

आतून.

आतल्या अंगाला, छातीच्या उंचीवर, मुठीएवढ्या जागेत लाकूड ठोकून ठोकून खोलगट झिजलं होतं.

मी तशीच, सालांनी माखल्या हातांनी, बाकापाशी गेले.

"आत माणूस होतं आणि तुम्ही दार चिकटवलंत?"

"खोली रिकामी होती, ताई," मावशी म्हणाल्या. "दर वेळी मीच झाडून बाहेर यायचे."

"मग ठोकलं कुणी?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. मावशीच हळू बोलल्या, "दार आहे तोवर ते दारावर ठोकतं. तेवढ्यावर भागतंय ना? राहू द्या."

"भागतंय? कोंडल्या जिवाचा टाहो ऐकायचा आणि वरून रंग फासायचा? लाज कशी वाटली नाही तुम्हाला!"

बाकावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या खाली घातलेल्या मानांचाच मला जास्त राग आला.

त्याच दुपारी बिजागऱ्या काढल्या. नवरा म्हणाला, "अगं, आईला आडोसा?"

"पडदा लावू. माझ्या घरात कुणी कोंडलं जाणार नाही."

दार मागच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. चांगलं घासून, खाचांत लांबी भरून, रविवारी सकाळी फिका पिवळा रंग दिला. एकही ओघळ नाही.

आई आली, जेवली, निजली. चारच्या सुमाराला मी तिच्या गोळ्या घेऊन गेले. पडदा अजून लावायचाच होता. ती वॉकर धरून माझ्याच दिशेनं येत होती. चौकटीपाशी थांबली. आमच्यामध्ये वीतभर अंतर.

"दार उघड गं," ती म्हणाली.

"आई, दार नाहीये. ये ना."

"चेष्टा पुरे. पावलं ऐकली मी तुझी."

मी हात पुढे करून तिचं मनगट धरलं. तिनं ते सोडवलंही नाही, जणू कुणी धरलंच नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरत होती, लाकडाच्या रेषांवरून फिरावी तशी.

"बाळा, उघड. इथं माझ्या मागं कुणीतरी आहे."

तिच्या मागे खोली रिकामी होती.

तिनं दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि आमच्या मधल्या हवेत तीनदा ठोकलं.

आवाज मागच्या अंगणातून आला.